मोहाखालची काडी

मार्च सरत आला की विदर्भातल्या जंगलालगतच्या गावांना पहाटे चारलाच जाग येते. मोह पडायला लागलेला असतो. रात्र उतरणीला लागली की झाडावरून टपटप फुलं गळू लागतात, ती ऊन चढेपर्यंत गळत राहतात. फूल कसलं, रसाने भरलेला पिवळसर पांढरा मणीच तो. टोपल्या घेऊन बाया, पोरं, म्हातारी माणसं आपापल्या झाडाखाली जाऊन बसतात. झाड वनजमिनीवर असलं तरी कुठलं झाड कुठल्या घराने वेचायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. वेचलेली फुलं अंगणात वाळवायची, थोडी घरात ठेवायची, उरलेली विकायची. शेतात काही नसतं अशा दिवसांत हातात येणारा हा रोकडा पैसा असतो.

अडचण एकच असते. याच दिवसांत झाडाखाली पालापाचोळ्याचा घोटाभर थर साचलेला असतो. सागाचं एक पान सुपाएवढं. त्या पसाऱ्यात पडलेलं मोहाचं फूल दिसत नाही, दिसलं तरी माखून येतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे आदल्या संध्याकाळी एक काडी ओढायची. दहा मिनिटांत झाडाखालचा गोल काळाभोर, स्वच्छ. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या जमिनीवर फुलं अंधारातही उठून दिसतात. काडी लावणारा माणूस आग विझली असं समजून घरी गेलेला असतो. गोलाच्या कडेला एखादं जाड लाकूड मात्र आतून धुमसत राहिलेलं असतं. दुपारचा वारा सुटला की ते पेट घेतं, शेजारचं पान पेटतं, त्याच्या शेजारचं पेटतं, आणि तिसऱ्या दिवशी दोन डोंगर पलीकडे धूर दिसतो.

आपल्याकडच्या वणव्यांबद्दल बोलायचं तर इथून सुरुवात करावी लागते. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो ही समजूत शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली आहे, पण तिच्यात फारसं तथ्य नाही. विजा आपल्याकडे बहुधा पावसाबरोबरच येतात, त्यामुळे विजेने लागलेली आगही फार पसरत नाही. मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलात वणवे लागतात ते जवळपास सगळे माणसाच्या हातून, आणि त्यातलेही बहुतेक पोटापाण्याच्या कामातून. मोहासाठी पाला जाळतात. तेंदूच्या झुडपांना नवी लुसलुशीत पालवी फुटावी म्हणून झुडपं छाटून खाली आग लावतात. गुरांना पहिल्या पावसात कोवळं गवत मिळावं म्हणून जुनं जाळतात. बांधावरचा काडीकचरा पेटवतात आणि तो रानात शिरतो. कधी कुणी विडीचं थोटूक टाकून जातो. जंगलाचा राग म्हणून काडी लावणारा माणूस क्वचितच सापडेल.

ही आग सिनेमात दिसते तशी नसते. झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारत जाणाऱ्या ज्वाळा आपल्याकडच्या रानात विरळाच. आपला वणवा जमिनीवरून सरपटत जातो. बऱ्याचदा ज्वाळा गुडघ्याएवढ्याच असतात, माणूस चालेल तेवढाही वेग नसतो. मोठ्या झाडांच्या साली काळवंडतात, पण झाडं उभी राहतात. जूनमध्ये पाऊस पडला की सगळं हिरवं होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, काय मोठं नुकसान झालं? म्हणूनच या वणव्यांची बातमी होत नाही. खरं नुकसान गुडघ्याच्या खाली झालेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसायला वीस वर्षं लागतात.

गुडघ्याखाली काय असतं ते बसून पाहावं. एखाद्या ऐनाचं, बिजाचं, चारोळीचं वीतभर रोप घ्या. पावसाळ्यात ते उगवतं, चार पानं धरतं. उन्हाळ्यात आग येते, वरचं सगळं जळून जातं. मूळ मात्र जमिनीत जिवंत असतं. पुढच्या पावसात त्याच मुळातून नवा कोंब येतो. उन्हाळ्यात तोही जळतो. असं वर्षामागून वर्ष चालतं. मूळ मनगटाएवढं जाड होतं आणि वर रोप वीतभराचंच राहतं. अशी म्हातारी रोपं आपल्या उजाड वाटणाऱ्या माळांखाली अक्षरशः हजारोंनी दबून असतात. त्यांना हवी असतात फक्त ओळीने काही वर्षं, आगीशिवाय आणि कुऱ्हाडीशिवाय. तेवढ्या मुदतीत ती आगीच्या उंचीच्या वर निघून जातात, साल जाड होते आणि पुढची किरकोळ आग त्यांना मारू शकत नाही. मुळात एवढा साठा तयार असतो की एकदा मोकळीक मिळाली की कोंब भराभर वाढतो. खड्ड्यात लावलेल्या, टँकरने पाणी घातलेल्या रोपाला तो वेग येत नाही.

माझ्या मते वृक्षलागवडीच्या आपल्या सगळ्या उत्साहात ही साधी गोष्ट हरवून जाते. जिथे मुळं जिवंत आहेत तिथे आग थांबवणं हीच वृक्षलागवड आहे. त्यात फोटो काढायला काही नसतं, पाटी लावायला जागा नसते, म्हणून ती कुणाच्या हिशेबात येत नाही. आणि जिथे खरोखर रोपं लावली जातात तिथे पहिल्या उन्हाळ्यात आग शिरली तर पावसाळ्यातला सगळा खर्च एका दुपारी राख होतो.

वारंवार जळणाऱ्या रानाची जातही बदलत जाते. साग आणि तेंदूसारखी आग सोसणारी झाडं टिकतात, नाजूक झाडं मागे पडतात. उघड्या पडलेल्या जागेत रायमुनिया, म्हणजे घाणेरी, शिरते. उन्हाळ्यात तिची वाळकी काटेरी जाळी पेटते तेव्हा आग गुडघ्याएवढी राहत नाही, छातीपर्यंत येते. पाला जळून गेल्यामुळे पहिला पाऊस थेट उघड्या मातीवर आदळतो. माती नाल्यात जाते आणि ज्या डोहात मे महिन्यापर्यंत जनावरांना पाणी मिळायचं तो गाळाने भरतो.

मार्च ते मे या काळात जमिनीवर कोण कोण असतं? रातवा जमिनीवरच अंडी घालतो, घरटंही करत नाही. टिटवीचं तसंच. तित्तर गवतात बसलेला असतो. खवल्या मांजर संकट आलं की अंगाचा चेंडू करतं, पण आगीपुढे त्या चेंडूचा काय उपयोग? वारुळं, साप, सरडे, बियांवर जगणारे उंदीर, त्यांच्यावर जगणारी घुबडं, ही सगळी साखळी त्या घोटाभर पाल्यात गुंतलेली असते. रानपिंगळ्याची गोष्ट तर मराठी वाचकाला माहीत असायलाच हवी. 1884 नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नव्हता, तो नामशेष झाला असंच धरून चाललं होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या रानात पुन्हा सापडला. पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती आढळली. साऱ्या जगात हा पक्षी फक्त भारतात आहे, तोही मुख्यतः मध्य भारताच्या या पट्ट्यात. त्याला विरळ सागवान लागतं आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. जुनं, पोकळ, वाळलेलं झाड आगीत सगळ्यांत आधी पेटतं, आणि पेटलं की आतून दिवसेंदिवस जळत राहतं.

वाघाचं म्हणाल तर 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ मोजले गेले, 2018 मध्ये ते 312 होते. संख्या वाढली ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीतले कितीतरी वाघ ताडोबाच्या हद्दीबाहेर, गावांना खेटून असलेल्या रानात राहतात. ब्रह्मपुरीचा वनविभाग हे त्याचं ठळक उदाहरण. वाघाला एका जंगलातून दुसऱ्यात जायची वाट याच गावरानांतून जाते. ती रानं जळून विरळ झाली की चितळ-सांबर तिथे टिकत नाहीत, वाघ गुरांकडे वळतो आणि मोह वेचायला वाकलेल्या बाईशी त्याची गाठ पडते. जंगल राखण्याचा प्रश्न आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न इथे एकाच वाटेवर उभे असतात.

आता आग थांबवायची कशी? वनविभागाचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरला जातो. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात. ठरलेल्या रुंदीचा पट्टा साफ करायचा आणि त्यातला पाला-गवत थंडीच्या दवात, सावधपणे जाळून टाकायचं, म्हणजे नंतर येणारी आग त्या पट्ट्याशी अडते. हंगामात फायर वॉचर नेमले जातात. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश मोबाइलवर येतात. हे सगळं उपयोगाचं आहे, पण त्याला मर्यादा आहेत. या कामी वापरला जाणारा एक संवेदक जमिनीचा साधारण एक किलोमीटरचा चौकोन पाहतो, दुसरा 375 मीटरचा. उपग्रह डोक्यावरून जातो तो दिवसातून मोजक्या वेळी. मोहाखाली पेटलेली छोटी आग त्याला दिसेपर्यंत ती छोटी राहिलेली नसते. आणि जमिनीवर एकेका वनरक्षकाकडे हजारेक हेक्टरांचं बीट असतं.

आग विझवणं हे किती जिवावरचं काम आहे हे 8 एप्रिल 2021 ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात कळलं. तिथल्या आगीत तीन हंगामी वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. हातात हिरव्या डहाळ्या किंवा पाठीवर पाला उडवणारे ब्लोअर घेऊन, चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात ही माणसं चढावर आगीसमोर उभी राहतात. चढावर आग सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने धावते आणि वारा फिरला की पळायला वाट राहत नाही. त्या माणसांच्या मरणानंतर तरी आपण विझवण्यापेक्षा न लागू देण्याकडे अधिक लक्ष द्यायला हवं होतं.

न लागू देणं हे गावाशिवाय शक्य नाही, कारण काडी गावातून येते. पण गावाने हे का करावं? 1927 च्या भारतीय वन अधिनियमात याचं उत्तर फार कोरडं आहे. कलम 26 राखीव वनात आग लावणं हा गुन्हा ठरवतं. कलम 79 सांगतं की वनात हक्क-सवलती असलेल्या माणसाने आगीची खबर दिली पाहिजे आणि ती विझवायला मदत केली पाहिजे. म्हणजे जंगल सरकारचं आणि आग विझवायची वेठ गावाची. कुणी आग लावली हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या कायद्याखाली त्याचं नाव सांगणं म्हणजे शेजाऱ्याला तुरुंगात पाठवणं. गाव गप्प बसतं.

2006 च्या वनहक्क कायद्याने हे उलटं केलं. गावाने परंपरेने राखलेलं, वापरलेलं जंगल सामूहिक वनसंसाधन म्हणून मान्य करायचं, ते राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला द्यायचा. कलम 5 मध्ये वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार स्पष्टपणे ग्रामसभेकडे दिलेला आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही गावांत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या तिथल्या कामाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे मला त्यापेक्षा कमी माहीत असलेल्या एका गावाबद्दल सांगायचं आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. घरं साठेक, बहुतेक गोंड. 2012 मध्ये गावाला 1,006 हेक्टरांचा सामूहिक वनहक्क मिळाला. एका वनरक्षकाच्या बीटाएवढंच हे रान, फक्त त्यावर आता साठ घरांचे डोळे. गावाने बसून स्वतःचे नियम केले. बांबू कसा तोडायचा, किती तोडायचा, लिलाव कसा करायचा, मजुरी किती, गस्तीची पाळी कुणाची. बांबूच्या पैशावर गावातच काम मिळू लागलं. सुमारे 34 हेक्टरांचा तुकडा त्यांनी देवराईसारखा राखून ठेवला, तिथलं काही न्यायचं नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पाचगावाबद्दल वेळोवेळी आस्थेने लिहिलं ते उगाच नाही. पुढे याच परिसरात कन्हाळगाव अभयारण्य जाहीर झालं. ज्या मुलखात सरकारला अभयारण्य हवंसं वाटलं, त्याच मुलखात साठ घरांचं एक गाव आपलं रान आधीपासून राखत होतं.

पाचगावचा मला सगळ्यांत मोठा वाटणारा निर्णय तेंदूचा. तेंदूपत्ता म्हणजे या भागातलं नगद पीक. एप्रिल-मे महिन्यांत दोन-तीन आठवड्यांत घरातली सगळी माणसं राबली की वर्षाच्या मिठा-तेलाची सोय होते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, असा तो हिशेब. पाचगावने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. कारणं त्यांनीच दिली. पानासाठी झुडपं छाटावी लागतात, जंगलाला आग लावली जाते, आणि शेवटी त्या पानाची विडी होते जी ओढणाऱ्याला मारते. गरीब माणसाने समोरचा पैसा सोडणं म्हणजे काय, हे ज्याने महिनाअखेरीची ओढाताण पाहिली आहे त्याला सांगायला नको. बांबूचं उत्पन्न हातात होतं म्हणून ते सोडता आलं, हेही तितकंच खरं. हक्क नसता तर बांबू नसता, आणि बांबू नसता तर तेंदू सोडायची हिंमत झाली नसती.

सगळ्यांनी तेंदू सोडावा असं मी म्हणणार नाही. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा आता ठेकेदाराशी स्वतः करार करून तेंदू विकतात आणि तो पैसा गावातच राहतो. ज्या रानातून उद्याही पैसा यायचा आहे ते जळू न देण्यात मग त्यांचाच फायदा असतो. मोहाच्या बाबतीत उपाय आणखी साधे आहेत. काडीऐवजी खराटा घ्यायचा, पाला गोळा करून बाजूला सारायचा. नाहीतर झाडाखाली जाळी बांधायची किंवा जुन्या साड्या अंथरायच्या. जाळीत पडलेलं फूल मातीला लागत नाही, स्वच्छ वाळतं, भावही बरा मिळतो. वाकून वेचणारीची कंबर वाचते हा फायदा कुठल्या अहवालात लिहिलेला दिसत नाही, पण बायांच्या दृष्टीने तोच पहिला.

मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरची परिस्थिती वेगळी होती. इथे राखायला जंगलच उरलेलं नव्हतं. 2012 मध्ये ग्रामसभेला हक्क मिळाला तो सुमारे 192 हेक्टर उजाड टेकड्यांवर. 'खोज' ही संस्था सोबत होती. रोजगार हमीच्या कामातून माती-पाणी अडवणं झालं, रोपं लागली, चराई आणि तोड यांना गावानेच आळा घातला. या टेकड्यांवर सीताफळ मुळातच होतं. राखण झाली तसं ते धरू लागलं आणि एकेकाळी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने जाणारं सीताफळ ग्रामसभेच्या नावाने थेट मुंबईपर्यंत विकलं गेलं. 2014 मध्ये या गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. अशा टेकडीवर आगीला दोन प्रकारे आळा बसतो. गवत उभं वाळू न देता चाऱ्यासाठी कापून नेलं जातं, म्हणजे जळायला काही राहत नाही. आणि सीताफळाची बाग आपली असते, तिकडे धूर दिसला तर माणूस जेवणावरून उठून धावतो.

एक गोष्ट मात्र मनात ठेवायला हवी. सगळी आग वाईट, असं सरसकट म्हणता येत नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगाच्या डोंगरातले सोलिगा लोक सांगतात की पूर्वी ते हंगामाच्या सुरुवातीलाच हलकी आग लावत, ती बंद झाल्यावर घाणेरी माजली. अभ्यासकांनाही त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. पाला ओलसर असताना लावलेली हलकी आग आणि एप्रिलच्या दुपारी वाऱ्यावर सुटलेली आग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या जाळरेषाही शेवटी आगच वापरतात. कुठे, कधी आणि किती, हे ज्याला रोज त्या रानात जावं लागतं त्याला चांगलं कळतं. म्हणून तो निर्णय त्याच्या हातात असावा असं मला मनापासून वाटतं, आणि वनविभागाने जाळरेषेच्या नकाशावर ग्रामसभेसोबत बसावं असंही.

पाचगावात तेंदू तोडणं थांबल्यावर झालं असं की झुडपं छाटली न गेल्यामुळे वाढली, त्यांची झाडं झाली आणि त्यांना टेंभरं लागू लागली. ऐन उन्हाळ्यात पिवळी पडलेली ही चिकूसारखी गोड फळं गावातली पोरं खातात, पक्षी खातात. तेंदूच्या रानात ती अस्वलालाही फार आवडतात. टेंभरं खाल्लेलं अस्वल वाटेवर विष्ठा टाकून जातं तेव्हा त्यात चपट्या तपकिरी बिया अख्ख्या दिसतात. जूनचा पहिला पाऊस पडला आणि तोवर तिथून आग गेली नसेल, तर पुढे त्यातली एखादी उकलते.